सहा पौंडांच्या आतली सेमी-ऑटो शॉटगन: एका सीझनच्या नोंदी

२८ जुलै २०२४

अमेरिकेतल्या मिनेसोटात फेजंट आणि ग्राऊस या रानपक्ष्यांच्या शिकारीला जायला लागून मला चार सीझन झाले. बंदूक पहिल्यापासून एकच, सेकंडहँड घेतलेली १२ गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) गॅसवाली सेमी-ऑटो, म्हणजे बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. बंदूक वाईट नाही, कधी अडकली नाही, पण गेल्या नोव्हेंबरात मार्शल गावाच्या बाजूला दिवसभर गवतातून चाललो आणि दुपारी तीनला रूस्टर (नर फेजंट) पायाखालून उठला तेव्हा नळी वर यायलाच उशीर झाला, डावा हात पार गेला होता. घरी आल्यावर भारतात जाताना बॅगा तोलायचा तो हुकवाला काटा काढून तिला लटकवली. ७ पौंड १४ औंस, म्हणजे साडेतीन किलोच्या वर, तेही रिकामी.

म्हणून यंदाचं काम हे: ६ पौंडांच्या आतली, २० गेजची, भरवशाची सेमी-ऑटो शोधायची. नोंदी रोजच्या रोज ठेवतोय कारण आपल्या मराठी मंडळींपैकी निदान तिघांनी मला हाच प्रश्न विचारलाय आणि मला नीट उत्तर देता आलं नाही.

पंप, म्हणजे दर बारानंतर हाताने ओढून भरायची बंदूक, का नाही, तर घाईत मी फोरएंड (नळीखालची मूठ) पूर्ण मागे ओढत नाही, दोनदा रिकामं शेल (काडतुसाचं कवच) आत राहिलंय. ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) हलकी मिळते पण चांगलीची किंमत माझ्या आवाक्याबाहेर, शिवाय माझा उजवा खांदा एकदा निखळलेला आहे, सेमी-ऑटोत धक्का थोडा पसरतो.

३ ऑगस्ट

काटा घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाला आधी विचारलं, तो म्हणाला खुशाल तोला. हे सगळ्यांनी करा, कॅटलॉगमधलं वजन आणि हातातली बंदूक यात दोन-चार औंस इकडेतिकडे होतात, लाकूड जड निघतं, नळी २६ इंची की २८ इंची यानेही फरक पडतो.

२० गेजमध्ये जे पाहिलं ते थोडक्यात. बेनेलीची अल्ट्रा लाइट सगळ्यात हलकी, सव्वापाच पौंडांच्या आत, आणि किंमतही सगळ्यात वर. माँटेफेल्ट्रो साडेपाच-पावणेसहा. फ्रांकीची अफिनिटी जवळपास तेवढीच पण बरीच स्वस्त. बेरेटाच्या गॅसवाल्या सहाच्या आसपास किंवा थोड्या वर. स्टोगर सगळ्यात स्वस्त. ब्राउनिंगची स्वीट सिक्सटीन १६ गेजची, ५ पौंड १२ औंस, हातात अतिशय सुंदर बसते, पण १६ गेजची काडतुसं गावाकडच्या दुकानात मिळतील याची खात्री नाही, म्हणून सोडली. मन लागलं होतं तिच्यावर, हे खरं.

गॅस की इनर्शिया हा पहिला निर्णय. गॅसवालीत नळीतला थोडा वायू पिस्टनला ढकलतो, धक्का मऊ लागतो, पण काजळी साठते आणि पुढच्या बाजूला वजन वाढतं. इनर्शियात पिस्टन वगैरे काहीच नाही, बंदूक मागे येते तेव्हा बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा भाग) जागेवर राहायला बघतो, मधली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. भाग कमी, म्हणून हलकी. इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीने १९६७पासून हीच पद्धत वाढवली. मी इनर्शियाकडे झुकलो. पण "मागे येते" या दोन शब्दांकडे तेव्हा नीट लक्ष दिलं नाही, ते पुढे महागात पडलं.

११ ऑगस्ट

श्रावण चालू आहे, घरात मांसाहार नाही, पण मातीच्या तबकड्या फोडायला श्रावणाची हरकत नाही असं बायकोनेच सांगितलं.

क्लबातल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांची पाच पौंडांची २० गेज एका राउंडसाठी दिली. खांद्याला इतकी पटकन आली की वाटलं हीच घ्यायची. २५ पैकी ११ लागल्या. माझ्या जुन्या जड बंदुकीने त्याच सकाळी १७ लागल्या होत्या. आजोबा मागे उभं राहून बघत होते, म्हणाले तुझी नळी बार काढताना थांबते. जड बंदूक एकदा फिरायला लागली की फिरत राहते, ही इतकी हलकी की माझा हात थांबला की तीही जागच्या जागी थांबते आणि छर्रे तबकडीच्या मागून जातात.

म्हणजे सगळ्यात हलकी ती सगळ्यात चांगली हे माझ्यासाठी तरी खरं नाही. यादीतून पाच-सव्वापाचवाल्या काढल्या. आता साडेपाच ते सहा, आणि नळी २८ इंची, म्हणजे पुढे थोडं वजन राहील.

१७ ऑगस्ट

घेतली. सेकंडहँड, २० गेज, इनर्शिया, २८ इंची नळी, काट्यावर ५ पौंड १४ औंस, म्हणजे २ किलो ६६०. ८२० डॉलर अधिक टॅक्स. जुनी १२ गेज त्याच दुकानात ३७५ला गेली, मी ४५०ला घेतली होती, चार सीझनचे ७५ डॉलर म्हणजे काहीच नाही.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या अडचणी येतील त्यातल्या काही माझ्या चुका असतील आणि काही आधीच्या मालकाच्या, त्या उगाच कंपनीच्या नावावर जायला नकोत.

कागदपत्रांबद्दल, कारण हे नेहमी विचारतात. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, मग बॅकग्राउंड चेक, माझा वीस मिनिटांत झाला. मी ग्रीन कार्डवर आहे. एच-१बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेणं सोडा, जवळ बाळगणंही बंद आहे, आणि त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. हे मित्राच्या मित्राने सांगितलं म्हणून करू नका, वकिलाला विचारा, चूक झाली तर व्हिसाच जातो. आणि ३१ डिसेंबर १९७९नंतर जन्म असेल तर मिनेसोटात लायसन्ससाठी आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागतं.

२४ ऑगस्ट

पहिला दिवस रेंजवर, आणि निराशा.

जुन्या बंदुकीला लावलेलं सगळं सामान हिला लावून गेलो होतो: रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागाच्या) बाजूला सहा काडतुसं धरणारी पट्टी, खांद्याला अडकवायचा जाड पट्टा, दस्त्याच्या मागे जाड रबरी पॅड. आणि खांद्याची काळजी म्हणून कमी धक्क्याची, आत पाऊण औंस छर्रे असलेली काडतुसं. २५ पैकी ९ वेळा रिकामं शेल पूर्ण बाहेर पडलं नाही, खिडकीत उभं अडकलं. मला वाटलं बंदूक खराब घेतली. दुकानात फोन करणार होतो.

मग त्याच क्लबातल्या आजोबांनी बंदूक हातात घेतली, बाजूची भरलेली पट्टी काढली, पट्टा काढला, काट्यावर ठेवली तर सगळं मिळून १३ औंस कमी झाले. म्हणाले इनर्शियाची बंदूक मागे आली पाहिजे, तू तिला वजन बांधून जागेवर बसवतोयस आणि वर हलकं काडतूस देतोयस, मग स्प्रिंग दाबणार कशी? आणि मी खांद्यालाही सैल धरत होतो, जुन्या दुखण्याच्या भीतीने. मागे खांद्याचा घट्ट आधार नसला तर बंदूक बोल्टबरोबरच मागे सरकत राहते आणि बोल्टला पूर्ण मागे जाता येत नाही.

सामान काढून, खांद्यात घट्ट धरून, ७/८ औंसाची साधी काडतुसं: २५ पैकी १ अडकलं. एक औंसाची, २५ पैकी एकही नाही. पाऊण औंसाची परत करून बघितली, तरी ४ अडकली. ती काडतुसं मित्राला देऊन टाकली. खांदा दुखला, पण सहन होण्याइतका.

३१ ऑगस्ट

माप. माझी उंची ५ फूट ५ इंच. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत हिचं माप १४ आणि ३/८ इंच, टीशर्टवर चालून जात होतं, पण थंडीचं जाड जॅकेट घालून वर घेतली की पॅड काखेत अडकतो. आरशासमोर जॅकेट घालून वीस वेळा वर घेतली, सात वेळा अडकली. ऑगस्टमध्ये जॅकेट घालून घामाघूम झालो पण हे आत्ताच कळलेलं बरं. (बंदूक रिकामी, दोनदा तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत.)

जाड पॅड काढून बारीक लावला, ३८ डॉलर, अर्ध्या इंचापेक्षा थोडं जास्त कमी झालं. दस्ता कापायची गरज पडली नाही. आपल्यासारख्या बुटक्या माणसांनी कॉम्पॅक्ट मॉडेल पण बघावं असं वाटतं, मला साडेबाराचं माप फारच आखूड पडलं, पण बायकोला बरोब्बर बसलं.

१५ सप्टेंबर

मागच्या शनिवारी गणपती बसले, आमचा दीड दिवसाचा, नंतर पाहुणे, त्यामुळे आठवडा गेला. काल कागदावर बार काढले.

४० यार्डांवर मोठा कागद, मॉडिफाइड चोक (चोक म्हणजे नळीच्या टोकाचा, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा अरुंद भाग), एक औंस ६ नंबरचे शिशाचे छर्रे. एका औंसात साधारण २२५ असतात आणि मॉडिफाइडने त्यातले ६० टक्के ३० इंची वर्तुळात यावेत अशी अपेक्षा, म्हणजे १३५. माझे १२८, १३१ आणि ११९. मोजायला दोन तास गेले, मुलीने पेनाने ठिपके मारायला मदत केली. बरं आहे. पण वर्तुळाचा मध्य मी नेम धरला त्याच्या जवळजवळ पाच इंच वर येत होता. दस्ता आणि रिसीव्हरच्या मध्ये घालायच्या पातळ पट्ट्या असतात, आधीच्या मालकाने त्या दिल्या होत्या हे नशीब. एक बदलली, दस्ता थोडा खाली झुकला, आता मध्य दोन इंच वर, तेवढा मला चालतो, उठणाऱ्या पक्ष्याला उलट बरा.

स्टीलचे छर्रे पण तपासले, कारण फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्र सरकारच्या जमिनीवर) फेजंट मारायलाही शिसं चालत नाही. स्टील त्याच चोकने फार गच्च आलं, मधे दाट आणि बाजूला मोकळं. स्टीलसाठी इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे त्याहून मोकळा चोक, वापरायचा ठरवला.

प्लगचा, म्हणजे मॅगझिनमध्ये जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून आत घालायच्या दांडीचा, घोळ वेगळाच. वुडकॉक हा स्थलांतर करणारा पक्षी, त्याच्यासाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. सेकंडहँड बंदुकीत प्लग नव्हताच आणि मी घेताना बघितलं नव्हतं. लाकडी दांडी कापून केला. पहिली आखूड कापली गेली, खोटी काडतुसं घालून बघितलं तर मॅगझिनमध्ये तीन गेली, म्हणजे नळीतलं धरून चार. दुसरी नीट झाली. घरीच कळलं म्हणून ठीक, हे जंगलात वॉर्डनसमोर (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) कळायला नको.

२८ सप्टेंबर

ग्रँड रॅपिड्सच्या वरच्या जंगलात, ग्राऊससाठी. सहा तास, फोनवर ९ मैल. कोवळ्या ॲस्पेनची दाट झाडी, एका हाताने फांद्या बाजूला करायच्या आणि एका हातात बंदूक. जुन्या बंदुकीने हे जमायचंच नाही. संध्याकाळी हात ताजा होता. पाच ग्राऊस उठले, तीन दिसले, दोनदा बार काढला, एक मिळाला. रिकामी शेल नीट बाहेर.

मला माझे आजोबा फार आठवले. कुडाळजवळ आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर होती, रानडुकरं भातात शिरली की आजोबा रात्री बार काढायचे, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. आम्हा पोरांना तिला हात लावायला बंदी. एकदाच त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि सांगितलं, नळी माणसाकडे वळली की बंदूक काढून घेईन, परत देणार नाही. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती झाली हे योग्यच. इथे माझ्या काडतुसांच्या किमतीत ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७च्या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामाला जातो. गवताची ती कुरणं टिकलीत त्याला हेही एक कारण आहे, म्हणून मला तो कर जड वाटत नाही.

१२ ऑक्टोबर

फेजंटचा पहिला दिवस. मिनेसोटात सकाळी ९च्या आधी बार काढता येत नाही, त्यामुळे सगळे गाड्यांपाशी घड्याळ बघत उभे.

९ वाजता काडतूस भरलं आणि पक्ष्यांना आवाज जाऊ नये म्हणून बोल्ट हाताने धरून अलगद पुढे सोडला. इथे चूक झाली. पाच मिनिटांत शेजाऱ्याच्या लॅब्रेडॉर कुत्र्याने रूस्टर उठवला, वीस यार्डांवर, सोपा, सरळ. ट्रिगर दाबला आणि नुसतं "टिक". रूस्टर ओरडत गेला.

नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबलो, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं म्हणून. मग उघडलं. काडतुसाच्या बुडावर साधी खूणही नाही.

कारण असं: या बंदुकांत बोल्टचं डोकं पुढे येऊन फिरतं आणि नळीच्या मुळाशी लॉक होतं. बोल्ट जोरात सुटला तरच ते पूर्ण फिरतं. अलगद सोडला, किंवा गवतात, गाडीच्या दारात बोल्टच्या हँडलला धक्का बसून तो थोडा मागे आला, तर डोकं अर्धवट फिरलेलं राहतं, बाहेरून सगळं बंद दिसतं पण बार होत नाही. या जातीच्या बंदुकांत हे जुनं दुखणं आहे, मला माहीत नव्हतं इतकंच.

आता सवय लावलीय: बोल्ट नेहमी स्वतःच्या जोरावर सुटू द्यायचा, आवाज होऊ दे. मग तळव्याने हँडल पुढे दाबून बघायचं. कुंपण ओलांडताना तर रिकामी करतोच, पुन्हा भरल्यावर परत दाबायचं. दुपारी एक रूस्टर मिळाला.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मधल्या दोन वीकेंडना गेलो, ३१ बार, एकदाही अडकली नाही, लिहिण्यासारखं काही नाही. फेजंटचं केलं ते सांगतो: छातीचं मांस लगेच कोरडं पडतं, ते वेगळं काढून शेवटी दहा मिनिटं, आणि तंगड्या मालवणी वाटपात दोन तास मंद आचेवर. खाताना छर्रा दाताखाली येतो, पाहुण्यांना आधी सांगा.

१ डिसेंबर

काल सकाळी ९ फॅरेनहाइट, म्हणजे उणे १३ सेल्सिअस. पहिल्या रूस्टरला पहिला बार बरोबर, तो फक्त डळमळला, दुसरा बार हवा होता. बोल्ट मागे गेला आणि पुढे येताना मध्येच सावकाश, जणू मधात बुडालाय, पूर्ण बंद झालाच नाही. पक्षी पलीकडच्या खाजगी शेतात पडला. मालकाला घरी जाऊन विचारलं, त्यांनी परवानगी दिली, कुत्र्याने चाळीस मिनिटांनी शोधून काढला. जखमी पक्षी चाळीस मिनिटं पडून राहिला, हे मला फार लागलं. बंदूक भरवशाची हवी म्हणतो ती आपल्या सोयीसाठी नाही, त्या पक्ष्यासाठी.

दिवसभरात तीनदा हेच झालं. आदल्या रात्री मोटेलच्या गरम खोलीत गार बंदूक केसमधून काढून ठेवली होती, तिला दव सुटलं होतं, वरून पुसली पण आतलं ओलं तसंच राहिलं असणार आणि सकाळी गोठलं. पण तेवढंच कारण असेल असं वाटत नाही.

५ डिसेंबर

तीन संध्याकाळी गेल्या. दस्ता काढला, सप्टेंबरात पट्टी बदलल्यानंतर पहिल्यांदा. बोल्टला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग माझ्या बंदुकीत दस्त्याच्या आतल्या नळकांड्यात आहे (काही मॉडेलमध्ये ती पुढे मॅगझिनभोवती असते, ती साफ करायला सोपी). आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं वरून तेल ओतलं होतं, ते सगळं मागे उतरून या नळकांड्यात जमलं आणि काळपट चिकट गोंद झाला होता. उन्हाळ्यात कळलं नाही, थंडीत तो घट्ट झाला. त्यात मीही भर घातली होती, दर ट्रिपनंतर बोल्टवर तेल.

पहिल्या संध्याकाळी साधं सॉकेट पोचेना, लांब आणलं. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग काढताना सुटून कपाटाला लागली, डोळ्याला चष्मा होता म्हणून निभावलं, चष्म्याशिवाय हे काम करू नका. सॉल्व्हंटने सगळं धुतलं, रात्रभर सुकवलं, नळकांड्यात आता तेल नाही, फक्त कोरडं वंगण. बोल्टच्या रुळांवर बोटाला लागेल न लागेल इतकं पातळ तेल. स्प्रिंग नवीच मागवली, २२ डॉलर, जुनी अर्ध्या इंचाने आखूड झालेली निघाली.

सेकंडहँड घेताना मी नळी बघितली, लाकूड बघितलं, वजन केलं, आणि हे नळकांडं उघडायचं सुचलंच नाही. घेतल्या दिवशीच उघडायला हवं होतं.

२१ डिसेंबर

गाडीतला तापमानाचा काटा ५ फॅरेनहाइट. रात्री बंदूक खोलीत आणली पण केस बंद ठेवूनच, सकाळी तशीच बाहेर. आधी रेंजवर जाऊन जाड जॅकेट, हातमोजे घालून, शिकारीचीच काडतुसं, ४० बार. एकही अडकलं नाही. त्यातले १५ स्टीलचे, ३ इंच लांबीच्या काडतुसांचे, खांद्याला चांगलेच लागले, हलक्या बंदुकीची ही किंमत आहे आणि ती द्यावीच लागते.

मग दुपारी एक रूस्टर, दोन बारांत, लगेच खाली.

१ जानेवारी २०२५

शेवटचा दिवस. सूर्यास्तापर्यंत चाललो, एक कोंबडी उठली (मादी मारायची नसते), रूस्टर नाही.

खर्च: बंदूक ८२० अधिक टॅक्स, जुनीचे ३७५ वजा. पॅड ३८, स्टीलसाठी वेगळा चोक ४५, खोटी काडतुसं १८, स्प्रिंग २२, काडतुसं सगळी मिळून ३१० च्या आसपास, त्यातली शंभरएक डॉलरची नुसती तपासायलाच गेली. वेळ म्हणाल तर ऑगस्टचे सगळे वीकेंड आणि डिसेंबरातल्या तीन संध्याकाळी.

दस्त्याचं नळकांडं मार्चमध्ये परत उघडून बघणार आहे, कोरडं राहिलंय की नाही ते इथेच लिहीन. आणि बायकोला कॉम्पॅक्टवाली आवडलीय, श्रावणाच्या आधी काटा घेऊन परत दुकानात जायचंय.